सागवान लावले, चंदन लावले, वणव्याचे काय?

महाशिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे मराठीतही म्हणतात आणि कन्नडमध्येही. थंडी जाते, पण मागे बरेच काही ठेवून जाते. माळावरची कुसळी वाळून पिवळी पडलेली असते. सागाची पाने गळून पायाखाली चुरचुरत असतात. तोड झालेल्या उसाच्या फडात गुडघाभर पाचट पडलेले असते. दुपारी वारा सुटतो. मग एखाद्या संध्याकाळी बसवकल्याणहून हुमनाबादकडे किंवा उमरग्याकडे जाताना दूरच्या माळावर एक लाल रेघ सरकताना दिसते. बसमधले लोक खिडकीतून बघतात, ‘कुणीतरी माळ पेटवलेला दिसतोय’ म्हणतात आणि बस पुढे निघून जाते.

पूर्वी हे एवढ्यावर भागत होते. माळावर जळायचे ते गवत, आणि मृगाच्या पहिल्या पावसाला ते पुन्हा उगवायचे. आता तसे राहिलेले नाही. आता त्या माळाला लागून कोणाचे तरी तीन एकर सागवान असते, कोणाचे दोन एकर श्रीगंध म्हणजे चंदन असते, कोणी हेब्बेवु लावलेला असतो. मजूर मिळत नाहीत, मुले पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरीत, तुरीचा भाव दरवर्षी वेगळा. मग घरात विचार होतो की झाडे लावून टाकू, मुलीच्या लग्नाला नाहीतर नातवाच्या शिक्षणाला उपयोगी पडतील. विचार चांगला आहे. पण रोप कोणते घ्यावे, खड्डा केवढा खणावा, ठिबक कोणते बसवावे याची चौकशी दहा ठिकाणी करणारे आपण एक प्रश्न कोणालाच विचारत नाही: हे पेटले तर?

पीक एका वर्षाचे, झाड पंधरा वर्षांचे

शेतातले सोयाबीन बुडाले तर एक हंगाम बुडतो. पुढच्या मृगाला माणूस पुन्हा पेरतो. झाडांच्या शेतीचा हिशेब वेगळा आहे. कागदाच्या लगद्यासाठीची नीलगिरी सहा-सात वर्षांत तोडणीला येते, चंदनात चांगला गाभा भरायला बारा-पंधरा वर्षे लागतात आणि सागवानाला तर वीसच्या पुढेच जावे लागते. एवढी वर्षे पैसा, पाणी आणि माया मातीत अडकलेली असते. दहाव्या वर्षी आग लागली तर दहा वर्षे जातात. ती परत पेरता येत नाहीत.

कर्नाटकात २०११-१२ पासून अरण्य इलाख्याची ‘कृषी अरण्य प्रोत्साह योजने’ आहे. शेतकऱ्याने इलाख्याच्या सस्यक्षेत्रातून सवलतीत रोपे न्यायची, लावायची, आणि जगलेल्या रोपांच्या हिशेबाने त्याला टप्प्याटप्प्याने पैसे मिळायचे, अशी ती योजना. यातला ‘जगलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत बांधावरून आग आत शिरली तर रोपेही जातात आणि प्रोत्साहनाची रक्कमही.

चंदनाचे तर आणखी निराळे. कर्नाटकात फार काळ आपल्या शेतात उगवलेले चंदनही आपले नव्हते; ते सरकारचे. २००१ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जमीनधारकाला त्या झाडाची मालकी मिळाली. त्यानंतर लोकांनी हौसेने चंदन लावले. चोरीची भीती सर्वांच्या मनात पहिल्यापासून होती, म्हणून काटेरी तार आली, कुत्री आली, कॅमेरेही आले. पण चंदनाची साल पातळ असते, आगीची आच तिला सोसत नाही. चोर एका रात्रीत दोन-चार झाडे नेईल. वणवा अर्ध्या तासात सगळा मळा घेऊन जातो. त्याच्यासाठी तार आणि कुत्रे काय कामाचे?

लागवड इतकी लवकर का पेटते?

रानात झाडे नाना जातींची, नाना वयांची असतात. एखादे हिरवे, एखादे पानगळीचे, मध्ये ओढा, मध्ये खडक. व्यापारी लागवडीत सगळी झाडे एका जातीची, एका वयाची, एका ओळीत. एकाच पंधरवड्यात सगळ्यांची पाने गळतात, म्हणजे सगळा मळा एकाच वेळी पेटायला तयार होतो.

आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा आणि उष्णता. शिवरात्रीनंतर हवा आणि उष्णता आपल्या हातात नसते. आपल्या हातात राहते ते फक्त जळण. सागाचे पान मोठे. वाळले की द्रोणासारखे आक्रसते, थरात हवा खेळती राहते आणि आग झपाट्याने पळते. नीलगिरीच्या पानात तेल असते आणि तिची साल लांब पट्ट्यांनी सुटून खोडावर लोंबते. बांबूच्या बेटाला फुलोरा आला की सगळे बेट वाळते. आणि या सर्वांच्या खाली आपल्या लाल जांभ्या मातीच्या माळावरचे गवत असतेच. तणनाशक मारून उभेच वाळवलेले काँग्रेस गवत असेल तर मग बोलायलाच नको.

आपल्या भागातला वणवा बहुधा जमिनीलगत, गवत आणि पालापाचोळ्यातून पळणारा असतो. शेंड्यावरून शेंड्यावर उडी मारणारी आग इकडे क्वचित. ही गोष्ट दिलासा देणारी आहे, कारण जमिनीवरची आग जमिनीवर अडवता येते. मात्र झाडाच्या खालच्या वाळक्या फांद्या छाटलेल्या नसतील, त्यांवर वेली चढलेल्या असतील, तर तीच आग शिडी चढावी तशी वर जाते. मग ती कोणाच्या हातात राहत नाही.

चढ असेल तर आणखी एक धोका असतो. आग चढाकडे वेगाने पळते, कारण खालची ज्वाळा वरच्या गवताला आधीच भाजून वाळवते. चुळकी नाल्याच्या बाजूला किंवा घाटाच्या उतारावर ज्यांची झाडे आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. त्यांच्याकडे आग बहुतेक वेळा खालून येणार.

ठिणगी कुठून येते?

आपल्या देशातले सुमारे ९५ टक्के वणवे माणसाच्या हाताने लागतात, असे सरकारी कागदपत्रांतच म्हटले आहे. विदर्भात मोहाची फुले वेचायला झाडाखालची जागा साफ करताना, तेंदूच्या पानांना नवी पालवी फुटावी म्हणून, मधाचे पोळे काढताना रान पेटते. आपल्याकडची कारणे जास्त घरगुती आहेत. बांध पेटवणे, पाचट पेटवणे, उन्हाळ्यात ओला चारा फुटावा म्हणून माळ पेटवणे. सस्तापूर बंगल्यावरून जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला ट्रकमधून फेकलेली विडी किंवा ढाब्यामागे पेटवलेला कचरा. लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा वाऱ्याने एकमेकींवर घासून उडालेली ठिणगी. आणि मुलांचा खेळ.

यांत पाचटाचा भाग मोठा. उसाच्या एका हेक्टरातून आठ ते दहा टन पाचट निघते असे मानतात. ते उचलायला मजूर नाही, खोडवा लवकर फुटायला हवा, म्हणून शेतकरी काडी लावतो. त्याला मूर्ख म्हणून चालणार नाही. त्याचीही अडचण खरी आहे. बांध जाळल्याने उंदीर-किडी जातात, साप-विंचू दिसतात, हेही तो आपल्या वाडवडिलांकडून ऐकत आला आहे. पूर्वी बांधापलीकडे दुसऱ्याचेही तसेच शेत होते, त्यामुळे ते खपून जायचे. आज पलीकडे कोणाची तरी दहा वर्षांची ठेव उभी आहे. शेतीची एक जुनी रीत आणि एक नवी रीत एकाच बांधावर समोरासमोर आली आहेत. खरा प्रश्न तिथे आहे.

जे घडून गेले

कर्नाटकातल्या लोकांना २०१९ चा फेब्रुवारी आठवत असेल. बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात पाच दिवस आग चालली. उपग्रहाच्या चित्रांवरून सुमारे ४,४०० हेक्टर क्षेत्र जळाल्याचा अंदाज निघाला. घाणेरीची झुडपे आणि वाळलेले गवत जागोजाग साचलेले होते, वर वारा. विमानदलाची हेलिकॉप्टर पाणी टाकायला आली, हे आपण टीव्हीवर पाहिले.

महाराष्ट्रात ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला, दोघे भाजले. आग आटोक्यात येते आहे असे वाटत असतानाच वाऱ्याने ती पुन्हा भडकली. हंगामापुरते कामावर घेतलेली, रोजंदारीवर पोट भरणारी ही माणसे. वणव्याच्या बातमीत किती हेक्टर जळाले हे आकडे मोठे येतात. झाडांना वाचवायला गेलेली माणसे खालच्या ओळीत जातात. आपल्या शेतातल्या झाडांसाठी आग विझवायला कोण धावणार? आपला भाऊ, आपला सालगडी, शेजारच्या तांड्यावरची मुले. म्हणून हा विषय लाकडापुरता नाही.

आपल्या जवळचे उदाहरण चिंचोळीचे आहे. कलबुरगी जिल्ह्यातले चिंचोळीचे रान २०११ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे हे रान. आत पानगळीचे जंगल, कडेने सागवान आणि अकेशियाची लावलेली रोपवने, मध्ये चंद्रमपळ्ळीचे धरण आणि लंबाणी तांडे. रान, रोपवन आणि वस्ती अशी एकमेकांना चिकटलेली असताना तिथली आग ही फक्त अरण्य इलाख्याची डोकेदुखी राहत नाही. तांड्यावरच्या शेळ्यांचा चारा, रोपवनाचे लाकूड आणि रानातला प्राणी, तिघांचे नशीब एकाच काडीवर ठरते. आपल्या गावोगावच्या माळावर छोट्या प्रमाणात हेच चित्र आहे.

दीडशे वर्षांचा धडा

रानाला आगीपासून जपायचे हा विचार आपल्या देशात तसा जुना. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअरसन या अधिकाऱ्याने तो पद्धतशीर अमलात आणला. रानाचे तुकडे पाडायचे, तुकड्यांमध्ये गवत काढून मोकळे पट्टे ठेवायचे, उन्हाळाभर राखणदार ठेवायचे. वनखात्याच्या मराठीत या पट्ट्याला ‘जाळरेषा’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘बेंकी रेखे’. थंडीत, दव असताना, रेषेवरचे गवत कापून तिथेच देखरेखीखाली जाळून टाकतात. मग उन्हाळ्यात वणवा तिथपर्यंत येतो आणि त्याला खायला काही मिळत नाही.

पण त्या काळच्या साहेबांनी पुढे एक टोक गाठले. आग कधीच, कुठेच नको, असे धोरण धरले. ब्रह्मदेशच्या सागवानी रानांत याचा उलटा परिणाम दिसला. वर्षानुवर्षे आग न लागल्याने खालचे जाळे दाट झाले, सागाची नवी रोपे वर येईनात, आणि साचलेल्या पाल्याला आग लागली की ती पूर्वीपेक्षा भयंकर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हे धोरण सैल करावे लागले. यातून घ्यायचे ते एवढेच की आग थांबवण्याइतकेच जळण कमी करणे महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात १९७४ साली नागपूरला वनविकास महामंडळ स्थापन झाले. सागवानाची व्यापारी लागवड करणाऱ्या या महामंडळालाही आगीचा हंगाम सुरू होण्याआधी जाळरेषा तयार ठेवाव्या लागतात. सरकारी रोपवनाला जे लागते ते आपल्या तीन एकराला लागत नाही, असे कसे होईल?

मालक शहरात, मळा गावात

१७ जून २०१७ रोजी पोर्तुगाल देशात पेद्रोगाव ग्रांद या भागात वणवा लागला आणि ६६ माणसे मेली. त्यांतले बरेच जण मोटारीतून पळून जाताना रस्त्यावरच अडकले. त्या टेकड्यांवर नीलगिरी आणि पाइनची दाट लागवड होती. जमिनीचे छोटे छोटे तुकडे. मालक शहरात गेलेले, गावात राहिलेले म्हातारे. झाडे लावून दिली, पण खालचे झुडूप काढायला कोणी नाही. हे वाचताना आपल्याला आपले गाव आठवल्यावाचून राहत नाही. मालक हैदराबादला, मळा गावात, आणि वर्षातून एकदा यात्रेला येऊन झाडे किती वाढली ते बघायचे. अशी लागवड फक्त मालकाची जोखीम नसते. ती शेजाऱ्याच्या गोठ्यालाही जोखीम असते.

दक्षिण आफ्रिकेने यावर एक रस्ता काढला. तिथेही नीलगिरी आणि पाइनची मोठी व्यापारी लागवड आहे. १९९८ च्या त्यांच्या कायद्याने शेजारी-शेजारी असलेल्या जमीनमालकांना मिळून अग्निसंरक्षण संघ स्थापन करता येतो. ज्याच्या जमिनीवरून आग पसरू शकते त्याने हद्दीवर जाळरेषा ठेवलीच पाहिजे. आणि एखाद्याच्या जमिनीवरून आग पसरून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर संघाचा सभासद नसलेल्या मालकाचाच हलगर्जीपणा झाला असे कोर्ट आधी गृहीत धरते. तसे नव्हते हे त्याने सिद्ध करायचे. आपल्याकडे असा कायदा नाही. पण शेजाऱ्यांनी एकत्र बसायला कायदा कशाला हवा? विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आपण कायद्याशिवायच ठरवत आलो आहोत.

दिवाळी ते शिवरात्र

मराठीत आपण ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ म्हणतो. कन्नड म्हण जास्त नेमकी आहे: ‘मनेगे बेंकी बिद्दाग बावी तोडिदरंते’, म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणायला घेतली. झाडांची विहीर खणायची वेळ दिवाळी ते शिवरात्र ही आहे. त्यानंतर फक्त राखण उरते.

पहिले काम जाळरेषेचे. मळ्याच्या चारी बाजूंनी, विशेषतः माळाच्या, रस्त्याच्या आणि उसाच्या बाजूला, तीन ते पाच मीटर रुंदीचा पट्टा मातीपर्यंत मोकळा करावा. ट्रॅक्टरच्या दोन-तीन फेऱ्या पुरतात. दिवाळीनंतर एकदा काढला की झाले असे नाही. सागाची पाने गळून त्याच पट्ट्यात साचतात, आणि पानांनी झाकलेली जाळरेषा म्हणजे आगीला बांधून दिलेला पूल. म्हणून फेब्रुवारीत तो पुन्हा झाडून घ्यावा. मळा मोठा असेल तर मधूनही आडवे-उभे पट्टे ठेवावेत. एक कोपरा गेला तरी बाकीचा वाचतो.

दुसरे काम जळण कमी करण्याचे. पुरुषभर उंचीपर्यंतच्या वाळक्या फांद्या छाटाव्यात, छाटलेला ढीग मळ्यात ठेवू नये. ओळींतले गवत कापून न्यायला शेजाऱ्याला किंवा तांड्यावरच्या लोकांना मोकळीक द्यावी. गवत त्यांचे, मोकळा मळा आपला; दोघांचाही फायदा. झाडे गुरांच्या तोंडाच्या वर गेली असतील तर गाई-म्हशी चारायलाही हरकत नाही. शेळ्या मात्र नकोत, त्या साल सोलतात. बांधावर केकताडासारखी रसाळ पानांची झाडे दाट लावली तर आग सहज ओलांडत नाही आणि राखणही होते.

तिसरे काम पाचटाचे. आपल्या मळ्याला लागून ज्याचा ऊस आहे त्याच्याशी तोडीआधीच बोलावे. निदान मळ्याकडच्या दहा-बारा सऱ्यांतले पाचट त्याने जाळू नये, कुट्टी करावी किंवा सरीत दाबावे. कुट्टी यंत्राचे अर्धे भाडे आपण द्यावे. एका तासाच्या भाड्यात पंधरा वर्षांची झाडे वाचत असतील तर तो सौदा महाग नाही. आणि त्याला जाळायचेच असेल तर आधी सांगून, वारा पडलेला असताना, चार माणसे आणि पाण्याचा पंप हाताशी ठेवून.

चौथे काम कागदाचे. झाडांची जात आणि संख्या पहाणीत नोंदवून घ्यावी. महाराष्ट्रात ज्यांची जमीन आहे त्यांनी सातबाऱ्यावर. मळ्याचे फोटो दरवर्षी काढून ठेवावेत. प्रधानमंत्री पीक विमा योजना अधिसूचित पिकांसाठी आहे, पंधरा वर्षे उभ्या राहणाऱ्या लाकडासाठी ती आखलेली नाही. झाडांचा वेगळा विमा घेताना त्यात आग धरली आहे का, आणि शेजारच्या शेतातून आलेली आग धरली आहे का, हे दोन प्रश्न स्पष्ट विचारावेत. मळ्यावरून विजेच्या तारा लोंबत असतील तर जेस्कॉमला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

शाळा-कॉलेजातल्या मुलांना यात एक काम आहे. भारतीय वन सर्वेक्षण ही डेहराडूनची संस्था २००४ पासून उपग्रहावरून वणव्याच्या सूचना देते. मोबाइल नंबर नोंदवला की आपल्या जिल्ह्यातल्या सूचना फुकट येतात. आधी हा उपग्रह एक किलोमीटरच्या चौकोनात बघायचा; २०१७ पासून ३७५ मीटरच्या चौकोनात बघणाऱ्या उपग्रहाचीही माहिती मिळू लागली. घरातल्या मुलाने ही नोंदणी आजोबांच्या मोबाइलवर करून द्यावी. पण त्यावर विसंबून झोपू नये. उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो, आणि दोन एकरांची आग त्याला दिसेलच असे नाही. कट्ट्यावर बसलेल्या माणसाला धूर आधी दिसतो.

आग लागलीच तर

आधी फोन, मग धाव. अग्निशामक १०१, आपत्कालीन ११२, वनखात्याची मदतवाहिनी १९२६. गावातल्या माणसांनी विझवायला जाताना अंगात सुती कपडे आणि पायात बूट-चप्पल असावी. नायलॉन-टेरिकॉट अंगाला चिकटून जळते. हिरव्या डहाळ्या, ओली पोती, फावडी आणि पाठीवरचे फवारणी पंप हे आपले खरे हत्यार. पंपात औषध असेल तर आधी धुऊन घ्यावा. आगीच्या तोंडासमोर किंवा चढावर वर कधी उभे राहू नये. मागून आणि बाजूंनी मारत तोंड निमुळते करत न्यावे. पळायची वेळ आली तर जळून काळी झालेली जमीन ही सर्वांत सुरक्षित जागा, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. समोरून दुसरी आग लावून वणवा मारण्याची युक्ती जाणकारांचीच आहे. ऐकून करायची नाही. बायका-मुलांनी पाणी आणि निरोप सांभाळावा, म्हाताऱ्यांनी गोठ्यातली जनावरे सोडावीत.

विझली असे वाटले तरी घरी जाऊ नये. खुंट, शेणाच्या गोवऱ्या, जाड ओंडके आत धुमसत राहतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याला पुन्हा पेटतात. एक रात्र दोन माणसे तिथे हवीतच.

आणि झाडे जळाली तर घाईने जेसीबी लावू नये. आधी महसूल आणि वनखात्याकडून पंचनामा, फोटो. कोवळे सागवान वरून मेले तरी मुळातून जिवंत असते. पावसाआधी जमिनीलगत तिरपे छाटले की जोमदार धुमारा येतो, त्यातला एक सरळ ठेवून बाकीचे काढावेत. नीलगिरीही खुंटातून फुटते. चंदनाच्या मुळांतूनही कधीकधी नवी रोपे येतात. एक पावसाळा वाट पाहावी आणि मग काय राहिले, काय गेले याचा हिशेब करावा.

बांधावरची बैठक

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव रानात आग लावणे हा गुन्हा आहे. कर्नाटकाच्या १९६३ च्या वन कायद्यातही तशी मनाई आहे. पण आपल्या शेतातल्या काडीने दुसऱ्याचा मळा पेटतो तेव्हा पोलिसांत जाणारे थोडे, आणि जातात त्यांच्या घरांतले बोलणे तीन पिढ्या तुटते. सोयरीक याच गावातली, मठाचा उरूस आणि दर्ग्याची कंदुरी एकत्र, आणि कोर्टाच्या तारखेला एकमेकांसमोर उभे. लाकडापेक्षा हे नुकसान मोठे, कारण ते कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

म्हणून सांगणे एवढेच. यंदा दिवाळीचा फराळ झाला की ज्यांचे बांध एकमेकांना लागून आहेत अशा पाच-सात घरांनी एकदा बसावे. ऊसवाला, तूरवाला, झाडेवाला, गुरे राखणारा, आणि शहरात राहणाऱ्या मालकाचा गावातला माणूस. कोणाचे पाचट कधी निघणार, ट्रॅक्टरची फेरी कोण मारणार, डिझेल कोणाचे, गवत कोण नेणार, धूर दिसला तर पहिला फोन कोण करणार, एवढे वहीच्या एका पानावर लिहून काढावे. मराठीत लिहा किंवा कन्नडमध्ये, वाचायला दोन्ही घरांत कोणीतरी आहेच. जाळरेषा एका बाजूने काढली तर अर्धीच होते. बांधाच्या दोन्ही बाजूंनी मिळून काढली तर वणवा तिथेच थांबतो, आणि त्या बांधावरून दोन्ही घरांचे येणे-जाणेही चालू राहते.